पडदा मुलांसाठी की साहेबांसाठी?

"गोपनीय आहे, देता येत नाही."

सरकारी मराठीत याहून सोयीचं वाक्य मी तरी ऐकलेलं नाही. विचारणारा गप्प बसतो, सांगणारा सुटतो, आणि वर सांगणाऱ्याला मुलांची काळजी केल्याचं पुण्यही लागतं. या विकांताचा लेख याच वाक्यावर आहे. विषय जड आहे, चहा घेऊन बसा.

निमित्त साधंच. यवतमाळचा माझा एक मित्र दर शनिवारी एका बालगृहातल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवायला जायचा. तिथल्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. बऱ्याच दिवसांपासून नव्हती म्हणे. त्याने एका सरकारी कार्यालयात जाऊन विचारलं की या संस्थेची शेवटची तपासणी कधी झाली? अहवाल नाही मागितला, नुसती तारीख मागितली. उत्तर मिळालं, "मुलांची माहिती गोपनीय असते, कायदा आहे तसा."

आता मला सांगा, तारीख ही कुठल्या मुलाची माहिती झाली? तिथे काय 'बारा मार्च' नावाचा मुलगा राहतो? :)

हसू येतं खरं, पण हा विनोद नाही. मुलाला झाकण्यासाठी केलेला पडदा साहेबांनी आपल्या टेबलासमोर ओढून घेतलाय. आणि ज्या मुलासाठी तो होता, ते बिचारं उघड्यावरच उभं आहे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. गोपनीयता मुलाची असते, त्याच्यावर देखरेख करणाऱ्या यंत्रणेची नसते. आपण या दोन गोष्टींची सरमिसळ केली आहे, आणि ती चुकून झालेली आहे असं मला वाटत नाही.

आधी कायदा (कंटाळू नका, थोडक्यात सांगतो)

बाल न्याय अधिनियम, २०१५. यातलं कलम ७४ म्हणतं की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं, कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाचं, पीडित किंवा साक्षीदार मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापायचा नाही. फोटोही नाही. मोडलंत तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पॉक्सो कायद्यातही (२०१२) असंच संरक्षण आहे. डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी घट्ट केलं. अगदी योग्य. माझा याला शंभर टक्के पाठिंबा आहे.

पुढे कलम ९९. बाल कल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळ मुलासंबंधीचे जे अहवाल विचारात घेतं, ते गोपनीय. हेही बरोबर. एखाद्या पोरीच्या घरी काय घडलं, तिच्या वैद्यकीय तपासणीत काय निघालं, हे तुम्ही-आम्ही वाचायचं कारणच नाही.

आता कलम ५४ बघा. प्रत्येक बालगृहाची तीन महिन्यांतून किमान एकदा तपासणी झालीच पाहिजे. तपासणी पथकात किमान तीन जण हवेत, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा. भेटीनंतर आठवड्याभरात अहवाल द्यायचा, २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. आणि त्यावर महिन्याभरात कारवाई व्हायला हवी.

म्हणजे वर्षाला चार भेटी, चार अहवाल, चार कारवाया. प्रत्येक संस्थेमागे.

हा अहवाल कशाबद्दल असतो? संडासाच्या कडीबद्दल. स्वयंपाकघराबद्दल. मंजूर पदं किती आणि भरलेली किती, रात्री मुलींच्या खोलीजवळ ड्युटीवर कोण असतं, डॉक्टर शेवटचा कधी आला, याबद्दल. नियमांमध्ये तर मुलांसाठी सूचनापेटी सांगितली आहे, ती ऑफिसपासून लांब आणि मुलांच्या राहण्याच्या जागेजवळ लावायची असंही लिहिलंय. ती पेटी कधी उघडली, हा प्रश्न पेटीबद्दलचा आहे. आतल्या चिठ्ठ्या वाचायला कोणी मागत नाहीये.

कलम ९९ मुलासंबंधीच्या अहवालांना गोपनीय म्हणतं. संडासाच्या कडीला नाही. तरीही दोन्ही फायली एकाच कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. बरं, माहिती अधिकार कायद्याचं कलम १० तर नेमकं याचसाठी आहे. एखाद्या कागदातला थोडा भाग देता येत नसेल तर तेवढा काळा करा आणि उरलेला द्या. अख्खा कागद दडपायची मुभा कायदा देत नाही. ती सवयीने मिळालेली आहे.

मग आजवर उघडकीला आलं कसं?

समजा कोणी म्हणालं, "अहो, तपासणी होते ना, अधिकारी बघतात ना, तुम्हाला कशाला वाचायचंय?" ठीक आहे. मग जी मोठी प्रकरणं आपल्याला माहीत आहेत, ती कोणामुळे बाहेर आली ते बघू.

कवडास, ता. शहापूर. मतिमंद मुलांच्या बालगृहातल्या भयंकर प्रकाराच्या बातम्या २०१० साली वर्तमानपत्रांत आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. म्हणजे उघड केलं बातमीने.

पनवेलजवळचं कळंबोली. त्याच याचिकेच्या ओघात न्यायालयाच्या आदेशावरून डॉ. आशा बाजपेयी यांच्या नेतृत्वाखालच्या समितीने राज्यातल्या अशा संस्था बघायला सुरुवात केली. २०११ मध्ये कळंबोलीच्या मतिमंद मुलींच्या संस्थेतले लैंगिक अत्याचार बाहेर आले. मार्च २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थापकासह सहा जणांना दोषी ठरवलं. म्हणजे इथे उघड केलं न्यायालयाने बाहेरून पाठवलेल्या माणसांनी. त्यातल्या कित्येक मुलींना आपल्यावर काय होतंय हे सांगताही येत नव्हतं, हे लक्षात ठेवा. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठीच तर देखरेख असते.

पाळा, ता. खामगाव, जि. बुलढाणा. निवासी आश्रमशाळा. २०१६ च्या दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्या आणि आईबापांना कळलं. उघड केलं दिवाळीच्या सुट्टीने! सुट्टी महिनाभर पुढे असती तर?

मुझफ्फरपूर, बिहार, २०१८. मुंबईच्या टिसने (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने) बिहारमधल्या ११० संस्थांचं सामाजिक लेखापरीक्षण केलं, त्यात इथल्या बालिकागृहाचं बिंग फुटलं. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवलं. त्यात कोण होतं माहितीये? जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा माजी अध्यक्ष होता. जिल्ह्याचा बाल संरक्षण अधिकारी होता. ज्यांनी तपासायचं तेच!

बदलापूर, ऑगस्ट २०२४. शाळेतल्या दोन चिमुरड्या. त्यांनी घरी सांगितलं म्हणून कळलं. मग पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसावं लागलं, आणि मग गाव रेल्वे रुळांवर उतरलं.

ही यादी परत एकदा वाचा. बातमी, न्यायालयाची समिती, दिवाळीची सुट्टी, बाहेरचे लेखापरीक्षक, चार वर्षांच्या पोरी. दर तीन महिन्यांनी होणारी (किंवा कागदावर होणारी) सरकारी तपासणी या यादीत कुठेच नाही.

कोणी म्हणेल, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, शाळा शिक्षण विभागाकडे, बालगृहं महिला व बाल विकासकडे, कायदे वेगळे, तपासणी वेगळी. मान्य. पण कुलूप एकच आहे ना? कुठल्याही विभागाचा तपासणी अहवाल पालकांनी मागितला की उत्तर तेच.

मुझफ्फरपूरची अजून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने या प्रकरणाच्या तपासाच्या बातम्या द्यायलाच बंदी घातली होती. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सरसकट बंदी उठवली. पण त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या आधी टीव्हीवाल्यांना बजावलं होतं की मुलींचे चेहरे दाखवायचे नाहीत, धूसर करूनसुद्धा नाही. बघा किती सरळ रेघ आहे. पोरींचा चेहरा दिसता कामा नये, आणि तपासाचं काय चाललंय ते मात्र लोकांना कळलं पाहिजे. ही रेघ देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाला ओढता येते, तर जिल्ह्याच्या कार्यालयाला का येऊ नये?

आणि मुलांच्या गोपनीयतेची आपण किती काळजी घेतो?

आता दुसरी बाजू. राग खरा इथे येतो.

आमच्या जिल्ह्यातला झरी जामणी तालुका. तेलंगणाच्या सीमेला लागलेला. इथे कोलाम आदिवासींची पोडं आहेत (कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात). राज्यातल्या ज्या तीन जमाती सरकारने विशेष असुरक्षित मानल्या आहेत, त्यात कातकरी आणि माडियांबरोबर कोलाम आहेत. या भागातल्या 'कुमारी मातां'चा प्रश्न गेली दोन दशकं बातम्यांत येतोय. बाहेरून येणारे ठेकेदार, व्यापारी, त्यांचे लोक. लग्नाचं आमिष, फसवणूक, मग पोर पदरात टाकून पसार. यातल्या बऱ्याच मुली तेव्हा अठराच्या आतल्या होत्या. म्हणजे कायद्याच्या भाषेत ती फसवणूक नाही, गुन्हा आहे.

मग काय झालं? दौरे झाले. गाड्यांचे ताफे आले, कॅमेरे आले. त्या मुलींना अंगणात बसवून, मांडीवर मूल घेऊन, फोटो काढले गेले. पोडाचं नाव, वय, सगळं छापलं. आता तीस-चाळीस घरांच्या पोडात नाव बदललं काय आणि चेहऱ्यावर पट्टी मारली काय, कोण ते सगळ्यांना कळतं. 'कुमारी माता' हा शब्दच बघा ना. त्यात ती मुलगी आहे, तिचं लग्न न झालेलं आहे, तिचं मूल आहे. तो पुरुष कुठे आहे? त्याच्यासाठी शब्दसुद्धा नाही. त्याची गोपनीयता भाषेनेच सांभाळली.

आणि यंत्रणेची बाजू? सरकारी आकडा आणि संस्थांचे आकडे कधी जुळलेच नाहीत. किती प्रकरणांत गुन्हा नोंदला गेला, किती जण सापडले, किती खटले उभे राहिले, किती मुलींचं खरंच पुनर्वसन झालं, या आकड्यांत कुठल्याच मुलीचं नाव येत नाही. हे जिल्ह्याच्या वेबसाइटवर दरवर्षी टाकता येतं. टाकलं असतं तर फोटो काढायला कोणाला पोडावर जावंच लागलं नसतं.

हे फक्त आदिवासी पट्ट्यातच होतं असं समजून सुस्कारा टाकू नका. २०२१ चा मे महिना आठवा. "दोन मुली, आईबाप कोविडने गेले, दत्तक द्यायच्या आहेत, या नंबरवर फोन करा." तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलाच असेल हा मेसेज. चांगल्या शिकलेल्या माणसांनी, डोळ्यांत पाणी आणून, पुढे ढकलला. अशा रीतीने मूल दत्तक देणं बेकायदेशीर आहे आणि मुलं विकणाऱ्यांना याहून चांगली जाहिरात मिळणार नाही, हे सांगता सांगता सरकारी यंत्रणेच्या नाकी नऊ आले.

आणि आपण हिंजवडीकर, मगरपट्टावाले? दिवाळीच्या आधी एचआरचा मेल येतो. "या शनिवारी बालगृहात फराळ वाटप, कंपनीचा टी-शर्ट घालून यावे." सोमवारी लिंक्डइनवर फोटो. मध्ये आपण, बाजूला दहा पोरं, प्रत्येकाच्या हातात लाडू. खाली हॅशटॅग. त्या मुलांचा फोटो प्रसिद्ध करायचा नाही असं कलम ७४ सरळ सांगतं. उद्या त्यातलाच एखादा पोरगा इंजिनिअर होऊन तुमच्याच कंपनीत इंटरव्ह्यूला येईल. तेव्हा गुगलवर त्याचा तो लाडूवाला फोटो सापडावा, असं त्याला वाटेल का? त्याला कोणी विचारलं होतं?

म्हणजे बघा. फोटो निघतो, तो जगभर जातो, तेव्हा संस्थेतलं कोणी "गोपनीय आहे" म्हणत नाही. देणगीदारासमोर मुलांना ओळीत उभं करून गाणं म्हणायला लावतात, तेव्हाही नाही. संडासाच्या कडीचं विचारलं की मात्र कायदा आठवतो.

आमच्या धंद्यात हा प्रश्न सुटलेला आहे

तुमच्यापैकी निम्मे लोक बँकेच्या नाहीतर हॉस्पिटलच्या प्रोजेक्टवर असतील. ग्राहकाचा डेटा आपल्याला कोणी उघडा देतं का? नाही. नाव, खातं, फोन सगळं मास्क करून मिळतं. पण सिस्टिमचा लॉग? कोण कधी लॉगिन झालं, कुठली प्रोसेस कधी चालली, कुठे पडली, हे सगळं ऑडिटरला दिसलंच पाहिजे. उद्या एखादा अ‍ॅडमिन म्हणाला, "लॉगमध्ये ग्राहकाचं नाव असू शकतं, म्हणून मी लॉगच दाखवणार नाही," तर दुपारपर्यंत त्याचा अ‍ॅक्सेस काढून घेतील.

मास्किंग म्हणजे काय नुसतं नाव खोडणं नव्हे, हेही आपल्याला माहीत आहे. पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एकत्र ठेवलं तरी माणूस सापडतो. पोडाचं नाव, वय आणि "नववीत शिकणारी" एकत्र ठेवलं की पोरगी सापडते. म्हणून जिथे आकडा लहान आहे तिथे वरच्या पातळीवरचा आकडा द्यायचा. गावाऐवजी तालुका, तालुक्याऐवजी जिल्हा. यात रॉकेट सायन्स काही नाही.

इंग्लंडमध्ये ऑफस्टेड नावाची यंत्रणा बालगृहांची तपासणी करते आणि अहवाल इंटरनेटवर टाकते. कोणीही वाचावा. पण त्यात बालगृहाचं नाव-पत्ता नसतो, फक्त नोंदणी क्रमांक असतो. मूल सुरक्षित आणि व्यवस्थापक उघडा. हे त्यांनाही आपोआप सुचलं नाही. लंडनच्या हॅरिंगे भागात २००७ साली सतरा महिन्यांचं एक बाळ घरातल्या छळाने गेलं. यंत्रणेची माणसं त्या घरी पुन्हा पुन्हा जाऊन आली होती. देश पेटला, आणि २०१० मध्ये त्या प्रकरणाचे चौकशी अहवाल पूर्ण प्रसिद्ध झाले. अमेरिकेतही केंद्राचा बालसंरक्षण निधी घेणाऱ्या राज्यांना, अत्याचाराने किंवा हेळसांडीने मूल दगावलं तर त्या प्रकरणातले निष्कर्ष खुले करण्याची तरतूद ठेवावी लागते. मूल गेल्यावर तरी गोपनीयता नक्की कोणाची सांभाळायची, हा प्रश्न त्यांनी विचारला. आपण विचारला का?

आपल्याकडेही हे जमतं, बरं का. ३१ जानेवारी २०२१, घाटंजी तालुका. पोलिओ लसीकरणाच्या दिवशी बारा मुलांना डोसऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. आठवतंय ना? तेव्हा यवतमाळ देशभर गाजलं होतं. मुलांना यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात ठेवलं, सुदैवाने ती सुखरूप राहिली. गाव, आरोग्य केंद्र, चूक काय झाली, कोणावर कारवाई, हे सगळं दोन दिवसांत लोकांसमोर होतं. आणि हे सगळं समजून घ्यायला आपल्याला एकाही बाळाचं नाव लागलं नाही. लोकांचे डोळे होते म्हणून यंत्रणा पळाली.

त्यातही माझी एक कुरकुर आहे. आमच्याकडे सर्व्हर पडला की 'कोणाला काढलं' एवढ्यावर रिपोर्ट संपत नाही. ती बाटली त्या टेबलावर आली कशी, दोन्ही बाटल्या सारख्या दिसत होत्या का, प्रशिक्षण कोणी आणि किती वेळ दिलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे लिहावं लागतं. तीन खालच्या कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली की बातमी संपते. रिपोर्ट तिथून सुरू व्हायला हवा.

"पण..."

हो, येतोच त्यावर.

*पण चांगल्या संस्थांची उगाच बदनामी होईल.* उलटं आहे. विदर्भात पोटाला चिमटा काढून बालगृहं चालवणारी माणसं आहेत, अनुदान वेळेवर येत नाही तेव्हा किराणावाल्याकडे उधारी करून मुलांना जेवू घालणारी. आज ती आणि कळंबोलीवाले बाहेरून सारखेच दिसतात, कारण दोघांचेही अहवाल कपाटात आहेत. कुठेतरी एक प्रकरण फुटलं की संशय सगळ्यांवर. अहवाल खुले झाले तर सगळ्यात जास्त फायदा प्रामाणिक संस्थेचा आहे. "चौदापैकी सहा पदं रिक्त, तीन वेळा मागणी करूनही भरली नाहीत," हे वाक्य छापून आलं तर लाज संस्थेला वाटेल की सरकारला?

*पण मीडिया तमाशा करेल, लोक कायदा हातात घेतील.* तमाशा आज होत नाही का? २०१६ मध्ये यवतमाळ शहरात एका शाळेतल्या प्रकारानंतर पालक रस्त्यावर आले होते. २०२४ ला बदलापुरात तेच. आपल्यापासून काहीतरी लपवलं गेलंय असं वाटलं की लोक रस्त्यावर येतात. जिथे अधिकृत माहिती नाही तिथे व्हॉट्सअ‍ॅपची माहिती असते. शांतपणे, दर तिमाहीला, कंटाळवाण्या भाषेत छापलेला अहवाल वाचून आजवर कोणी रेल्वे अडवलेली नाही.

*पण नवा डेटा कायदा आलाय ना.* आलाय, आणि याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. आधी तिथे सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का, हे बघावं लागायचं. आता नुसतं 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की झालं. तपासणी पथकात कोण होतं, अधीक्षकाची पात्रता काय, हेही उद्या 'वैयक्तिक' ठरवतील. मुलांच्या पदराआड लपायची सोय होतीच, आता साहेबांना स्वतःचाही पदर मिळाला. पण कलम ८(२) अजून जागेवर आहे. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. कलम १० पण आहे. वापरा.

मग हवंय काय?

चार गोष्टी, आणि चारही आहे त्या कायद्यात बसतात.

१) प्रत्येक बालगृह, वसतिगृह आणि आश्रमशाळेची तपासणीची तारीख, पथकातल्या सदस्यांची पदं आणि पुढच्या तपासणीची तारीख जिल्ह्याच्या वेबसाइटवर. एका एक्सेल शीटचं काम आहे. मी फुकट करून देतो.

२) तपासणी अहवालाचे दोन भाग. भाग 'अ' संस्थेचा: इमारत, जेवण, रिक्त पदं, डॉक्टरच्या भेटी, सूचनापेटी कधी उघडली. तो खुला. भाग 'ब' मुलांचा, तो सीलबंद. जिथे संस्थेच्या नावावरून मूल ओळखू येईल तिथे फक्त नोंदणी क्रमांक द्या.

३) महिन्याभरात काय कारवाई झाली याची एक ओळ. झाली नसेल तर "झाली नाही" अशी ओळ. बदलापूरनंतर सगळ्यांना 'सखी सावित्री समिती' आठवली. तो शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. कुठल्या शाळेत समिती आहे आणि कुठल्या नाही, ही यादी दोन वर्षं पालकांसमोर असती तर?

४) सरकारी देखरेखीखाली असलेलं मूल दगावलं तर बाहेरच्या माणसांकडून चौकशी, आणि नाव-गाव काढून तिचा अहवाल प्रसिद्ध. साप चावला असेल तर साप, ताप असेल तर ताप. पण दवाखान्यात न्यायला किती तास लागले, ते लिहा.

आणि आपल्यासाठी पाचवी: पुढच्या दिवाळीला बालगृहात जाल तेव्हा फोन खिशात ठेवा. फराळ द्या, आणि निघताना अधीक्षकांना हसून विचारा, "शेवटची तपासणी कधी झाली हो?" प्रश्न तिथेच सोडू नका. घरी येऊन माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन टाका, दहा रुपये लागतात. मुलांचं काहीही विचारू नका. तारखा विचारा, पदं विचारा, कारवाई विचारा. सोबत लिहा: कलम १० प्रमाणे मुलांची ओळख पटेल असा मजकूर काळा करून द्यावा. मग "गोपनीय आहे" म्हणायला कारणच उरत नाही. नकार आला तरी तो लेखी येतो, आणि लेखी नकारावर अपील करता येतं.

हे मी पुण्यात बसून का लिहितोय? कारण आमच्या जिल्ह्यात बाप गेल्यावर शेत सावकाराकडे आणि पोरं वसतिगृहात, असं घडलेली घरं मोजायला दोन हातांची बोटं पुरत नाहीत. पांढरकवड्याच्या, पुसदच्या प्रकल्प कार्यालयाखालच्या आश्रमशाळांत सहा-सात वर्षांची पोरं आईपासून पन्नास-साठ किलोमीटरवर झोपतात. त्यांच्या आईबापांकडे ट्विटर नाही, ओळखीचा पत्रकार नाही. अधीक्षकासमोर ते हात जोडून उभे राहतात, आणि "साहेब, पोरगं बरं आहे ना?" एवढंच विचारतात. त्यांना "गोपनीय आहे" हे उत्तर देणं मला तरी पाप वाटतं.

मुलाचं नाव झाकलेलंच राहू द्या. त्याच्या खोलीच्या दाराला कडी आहे की नाही, ते मात्र त्याच्या आईला कळलं पाहिजे.

ता.क. प्रतिक्रियांमध्ये कुठल्याही मुलाचं, शाळेचं किंवा गावाचं नाव घेऊन किस्से लिहू नका. उडवून टाकीन. अर्ज टाकलात आणि उत्तर आलं, तर त्या उत्तराबद्दल जरूर लिहा.